मायक्रोची शिकवणी शोधताना

डोंबिवलीचा फडके रोड असो की ठाण्यातला राम मारुती रोड, मान वर केली की क्लासच्या पाट्या दिसतात. गणित, फिजिक्स, अकाउंट्स, नीट, सीईटी. त्या गर्दीत सूक्ष्मजीवशास्त्राची पाटी क्वचितच सापडते. कारण साधं आहे. राज्य मंडळाच्या बारावी विज्ञानात हा स्वतंत्र विषयच नसतो. जीवशास्त्राच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला एखाद-दुसरं प्रकरण येतं. पुढे बीएस्सीला तो घेणारी मुलं मोजकीच. क्लास चालायला जेवढी मुलं लागतात तेवढी इथे जमत नाहीत. त्यामुळे ज्याचं घोडं मायक्रोत अडतं, त्याला पाटी नव्हे, माणूस शोधावा लागतो.

आणि या विषयापुरतं तरी तेच बरं आहे, असं माझं ठाम मत आहे. मायक्रोबायोलॉजी जन्मापासून शेजारी बसून शिकली गेली. रॉबर्ट कॉखच्या बर्लिनच्या प्रयोगशाळेत जिलेटिनवर जीवाणू वाढवत. पण जिलेटिन 37 अंशांना वितळायचं, शिवाय काही जीवाणू ते खाऊनही टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वॉल्थर हेसची पत्नी फॅनी हेस हिने 1881च्या सुमारास स्वयंपाकघरातला आगर वापरून बघायला सुचवलं. कॉखचाच सहायक ज्युलियस पेट्री याने 1887मध्ये झाकणाची चपटी काचेची थाळी वापरात आणली. आज प्रत्येक प्रयोगशाळेत दिसणाऱ्या या दोन गोष्टी टेबलाजवळ वावरणाऱ्या माणसांनी दिल्या.

आपल्याकडचं उदाहरण अजून बोलकं आहे. सप्टेंबर 1896मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. त्यानंतर वाल्देमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत लसीच्या कामाला लागले. प्लेगचा जीवाणू ते मांसाच्या रश्शात वाढवत आणि वर तुपाचे थेंब सोडत. त्या थेंबांखाली जीवाणूंच्या वाढीचे लोंबते धागे तयार होत. फ्लास्क हलवला की ते तुटून तळाशी जात आणि वर पुन्हा नवे लोंबू लागत. शेवटी हे कल्चर तापवून जीवाणू मारले की लस तयार. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. 1899मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि 1925मध्ये तिला त्यांचं नाव मिळालं. कल्याणहून लोकलने साधारण तासाभरावर ही वास्तू आजही उभी आहे. तुपाच्या थेंबाखालचा धागा ओळखायला ज्यांनी डोळा कमावला, त्यांनी तो करणाऱ्याच्या शेजारी उभं राहूनच कमावला असणार. पुस्तकात एवढंच लिहिता येतं की धागे दिसतात.

म्हणून शिकवणी शोधताना पहिला प्रश्न ‘नोट्स कुणाच्या चांगल्या’ हा नसावा. नोट्स हव्या तेवढ्या मिळतात. समोरच्या माणसाने हे काम स्वतःच्या हाताने केलंय का आणि चुकलेली स्लाइड बघून कुठे चुकलं ते त्याला सांगता येतं का, हे बघायचं.

ते पहिल्याच भेटीत कळू शकतं. बहुतेक शिक्षक एक तास नुसता ओळखीसाठी देतात. त्या तासात ग्राम स्टेनबद्दल विचारावं. 1884मध्ये हान्स क्रिस्तियान ग्रामने शोधलेली ही रंगवण्याची पद्धत एफवायच्या मुलाला पहिल्याच काही प्रॅक्टिकलमध्ये करावी लागते. क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोल, शेवटी सॅफ्रानिन. क्रम सगळ्यांनाच पाठ असतो. खरी गंमत तिसऱ्या पायरीत आहे. ग्राम पॉझिटिव्ह जीवाणूची भिंत पेप्टिडोग्लायकनच्या जाड थराची असते. अल्कोहोलने तिच्यातलं पाणी जातं, छिद्रं आवळतात आणि जांभळा रंग आयोडीनसकट आत अडकून बसतो. ग्राम निगेटिव्हची भिंत पातळ, आणि तिच्याबाहेर मेदाचा आणखी एक पडदा. अल्कोहोल तो पडदा विरघळवतं, जांभळा रंग वाहून जातो आणि नंतरचा सॅफ्रानिन त्याला गुलाबी करतो.

इथवर पुस्तकही सांगतं. आता विचारावं: ‘सर, मी स्टॅफिलोकोकस घेतला होता, तरी स्लाइड गुलाबी आली. का?’ नुसते पाठांतरवाले सर पायऱ्यांचा क्रम पुन्हा म्हणून दाखवतील. हाताने काम केलेल्या मॅडम आधी उलट विचारतील, ‘कल्चर किती जुनं होतं?’ अठरा ते चोवीस तासांच्या ताज्या कल्चरमध्ये भिंत धड असते. जुन्या कल्चरमधल्या पेशींची भिंत ढासळलेली असते आणि पॉझिटिव्ह जीवाणूही निगेटिव्ह दिसायला लागतो. मग त्या विचारतील, अल्कोहोल किती वेळ ठेवलंस, स्मिअर जाड होता की पातळ, बर्नरवर स्लाइड जास्त तापवली होतीस का. हे चार प्रश्न ऐकू आले तर तो माणूस सोडू नये, मग त्याच्याकडे व्हिजिटिंग कार्ड असो वा नसो.

दुसरी कसोटी आकड्यांची. मायक्रोचे पुष्कळ विद्यार्थी जीवशास्त्र आवडतं म्हणून आणि गणित नको म्हणून इथे आलेले असतात. मग डायल्यूशनचं गणित आलं की पेन थांबतं. समजा दुधाचा नमुना आहे. त्यातलं 1 मिलिलीटर 9 मिलिलीटर निर्जंतुक सलाइनमध्ये टाकलं की दहापट विरळ. असं चार वेळा केलं की दहा हजारपट. त्यातलं 0.1 मिलिलीटर प्लेटवर पसरलं आणि दुसऱ्या दिवशी 52 कॉलनी दिसल्या. तर मूळ दुधात एका मिलिलीटरला किती? 52 गुणिले 10 गुणिले 10,000, म्हणजे 52 लाख. यातला मधला दहा विसरणं ही नेहमीची चूक. 30पेक्षा कमी किंवा 300पेक्षा जास्त कॉलनी असलेली प्लेट मोजायला का घेत नाहीत, हे सूत्र न सांगता समजावता आलं पाहिजे: फार थोड्या असतील तर एक-दोन कॉलनींच्या योगायोगानेही उत्तर हलतं, आणि फार दाट असतील तर एकमेकींत मिसळतात, शिवाय अन्न कमी पडून काही वाढतच नाहीत.

याच आकडेमोडीतून मुलाला विषयाचं वेड लागू शकतं. ई. कोलायला चांगलं अन्न आणि 37 अंशांची ऊब मिळाली तर तो साधारण दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. एका पेशीपासून सुरुवात केली तर दहा तासांत तीस वेळा दुप्पट, म्हणजे 107 कोटींच्या वर. हे गणित ज्याने एकदा स्वतः वहीत केलंय, त्याला वाढीचा आलेख लॉग स्केलवर का काढतात हे सांगावं लागत नाही. आणि ही वाढ का थांबते, याचं उत्तर शोधताना तो आपोआप स्टेशनरी फेजला पोचतो: अन्न संपतं, आम्ल साचतं. चांगला शिक्षक तिथपर्यंत मुलाला चालत नेतो, उचलून नेत नाही.

तिसरं म्हणजे नियम कुठे मोडतो हे त्याला माहीत असावं. कॉखची गृहीतकं सांगतात की रोगाचा जंतू रुग्णातून वेगळा काढून शुद्ध स्वरूपात वाढवता आला पाहिजे. पण कुष्ठरोगाचा जीवाणू हान्सेनने 1873मध्ये पाहिला आणि आजतागायत तो कुठल्याही कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही. मग कुष्ठरोगाचं कारण ठरलं कसं? या प्रश्नावर अर्धा तास बोलू शकणारा शिक्षक व्हायवाला घाबरणाऱ्या मुलाचं फार भलं करतो.

असा माणूस मिळायचा कुठे? ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचं बांदोडकर विज्ञान महाविद्यालय आणि कल्याणला मुरबाड रोडवरचं बिर्ला महाविद्यालय, या दोन्ही ठिकाणी मायक्रोबायोलॉजीचे विभाग आहेत. शोधाची सुरुवात विभागाच्या दारातूनच व्हावी. पण शिकवणीसाठी आपल्याच प्राध्यापकांना गळ घालू नये. यूजीसीच्या आचारसंहितेत, मूळ जबाबदारीत अडथळा आणतील अशा खासगी शिकवण्यांपासून शिक्षकांनी दूर राहावं असं म्हटलेलं आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, जो माणूस तुमचं जर्नल तपासतो आणि इंटर्नलचे मार्क देतो, त्याने तुमच्याकडून वेगळे पैसे घेणं वर्गातल्या इतर मुलांवर अन्याय करणारं आहे. शंका विचारायला मात्र त्यांच्याकडेच जावं, आणि ती फुकट विचारावी; तो विद्यार्थ्याचा हक्क आहे. पुष्कळ मुलं हे दार न ठोठावताच शिकवणी शोधायला निघतात. प्राध्यापकांनाच ‘मला समजावून सांगणारं कुणी सुचवाल का’ असं विचारलं तर आधीच्या बॅचमधलं एखादं चांगलं नाव बहुधा मिळतं.

ते नाव अनेकदा एमएस्सी करणाऱ्या ताईचं किंवा दादाचं असतं. माझा कौल बीएस्सीच्या मुलांसाठी याच पर्यायाला. तीन-चार वर्षांपूर्वी त्यांचंही घोडं इथेच अडलेलं असतं, आणि कुठे अडलं होतं ते त्यांना अजून आठवत असतं. उणीव एवढीच की त्यांची स्वतःची परीक्षा आली की तास बुडतात. निवृत्त प्राध्यापक हा दुसरा पर्याय. त्यांच्याकडे विषयाची खोली असते, घाई नसते. मात्र अभ्यासक्रम बदलला आहे हे त्यांना दाखवून द्यावं लागतं. महाराष्ट्रात नवीन शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना स्वायत्त कॉलेजांत 2023-24 पासून आणि संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून बदलत गेली. बांदोडकर आणि बिर्ला दोन्ही स्वायत्त आहेत, म्हणजे आपापला अभ्यासक्रम आखतात. ठाण्याच्या मुलीला लागू पडलेल्या नोट्स कल्याणच्या मुलाला जशाच्या तशा चालतील असं नाही. पहिल्या दिवशी आपल्या कॉलेजचा छापील अभ्यासक्रम शिक्षकाच्या हातात द्यावा आणि त्याने तो वाचला की नाही ते आठवड्याभराने बघावं.

तिसरा पर्याय आपल्या पट्ट्यात विशेष आहे आणि तो सहसा कुणाला सुचत नाही. वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसी, अंबरनाथ, ठाणे-बेलापूर पट्टा. या औद्योगिक भागांतल्या औषधांच्या आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळा असतात, आणि तिथे मायक्रोचे पदवीधर रोज प्लेट ओततात, ऑटोक्लेव्ह लावतात, पाणी तपासतात. त्यांतल्या कुणी रविवारी दोन तास दिले तर पुस्तकातलं पान जिवंत होतं. पुस्तक सांगतं, ऑटोक्लेव्ह 121 अंश, 15 पौंड दाब, 15 मिनिटं. कारखान्यातला माणूस सांगेल की वाफ सुरू झाल्यावर आधी आतली हवा पूर्ण बाहेर काढावी लागते. हवा राहिली तर काटा 15 पौंड दाखवतो पण आतलं तापमान 121 पर्यंत पोचलेलंच नसतं, आणि बॅसिलसचे स्पोअर मजेत जिवंत राहतात. घरच्या प्रेशर कुकरला आधी वाफ सुटू देऊन मग शिटी लावतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. औषधासाठी शुद्ध केलेल्या पाण्यात मिलिलीटरला 100 कॉलनींची मर्यादा असते, तर भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या 100 मिलिलीटर पाण्यात एकही ई. कोलाय सापडता कामा नये. ही दोन मानकं वेगळी का, हे रोज अहवालावर सही करणाऱ्याच्या तोंडून ऐकावं.

भाषेचं मात्र मनावर घेतलं पाहिजे. मुरबाड, शहापूर, बदलापूर, टिटवाळा या बाजूंनी येणारी कितीतरी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. एफवायला एकदम इंग्रजीचा लोंढा अंगावर येतो, आणि मुलाला वाटतं आपल्याला विषय जमत नाही. खरं तर विषय अडलेला नसतो, वाक्य अडलेलं असतं. अशा मुलाला मराठीत समजावणारा आणि मग तेच उत्तर त्याच्याकडून इंग्रजीत लिहून घेणारा शिक्षक हवा. दोन्ही गोष्टी हव्यात. फक्त मराठीत सांगून सोडलं तर पेपरात हात चालत नाही. फक्त इंग्रजीत लिहवून घेतलं तर घोकंपट्टी होते. मी अशा मुलांच्या पालकांना आवर्जून सांगते, पहिल्या सत्रात मार्क कमी आले म्हणून शाखा बदलायचा विचार करू नका. दोन-तीन महिने हा दुहेरी सराव झाला की पुष्कळांची गाडी रुळावर येते.

शिकवणीला एक मोठी मर्यादा आहे, आणि ती प्रामाणिकपणे मान्य करणाराच शिक्षक घ्यावा. त्याच्याकडे प्रयोगशाळा नसते. लूप लालबुंद तापवून थंड होऊ द्यायचा, मग कल्चरला लावायचा, प्लेटचं झाकण थोडंसंच उचलायचं, चारही भागांत रेघा ओढताना दर वेळी लूप पुन्हा तापवायचा: हे हाताला वळण कॉलेजातच लागतं. प्रॅक्टिकल बुडवून शिकवणीला जाणं म्हणजे मूळच तोडणं. ‘घरी प्लेट आणून जंतू वाढवू’ असं सुचवणारा शिक्षक तर सरळ नाकारावा. घरात वाढलेल्या कॉलनींत काय आहे हे सांगता येत नाही आणि त्या प्लेट निर्जंतुक करून टाकायची सोयही घरी नसते. त्याऐवजी ‘व्हर्च्युअल लॅब्स’ या सरकारी उपक्रमात अमृता विद्यापीठाने तयार केलेली मायक्रोची प्रॅक्टिकल फुकट बघता येतात. कॉलेजातल्या प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी शिक्षकासोबत ती बघून पायऱ्या तोंडी म्हणाव्यात, म्हणजे दुसऱ्या दिवशी हात गोंधळत नाहीत.

घरी निर्धोकपणे करता येण्यासारखंही काही आहे. कागदी फोल्डस्कोप साधारण 140 पट मोठं दाखवतो. जीवाणूंसाठी ते पुरेसं नाही; त्यांना तेलात बुडणारं 100चं भिंग आणि एकूण हजारपट मोठेपण लागतं. पण तळ्यातल्या पाण्याचा एक थेंब घेतला तर पळणारे प्रोटोझोआ आणि हिरवी शैवालं दिसतात. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात आणि मासुंदा भर वस्तीत आहे. कल्याणला काळा तलाव आहे. पाणी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, बस्स. कळव्याच्या खाडीवरून गाडी जाताना ओहोटीच्या वेळी जो कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, तोही एक धडाच आहे. खाडीच्या काळ्या चिखलात ऑक्सिजन नसतो. समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट मात्र भरपूर. काही जीवाणू ऑक्सिजनऐवजी त्या सल्फेटवर श्वसन चालवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. चिखलातल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन चिखल काळा पडतो. अॅनएरोबिक रेस्पिरेशन हे मुलांना नको वाटणारं प्रकरण. ते या वासापासून सुरू करणारी शिक्षिका मिळाली तर नशीबच म्हणायचं.

बीएस्सीखेरीज इतरांची गरज वेगळी असते. नर्सिंगच्या मुलीला निर्जंतुकीकरण, हात धुणं, संसर्ग कसा पसरतो हे नेमकं हवं असतं. तिला जीन क्लोनिंग शिकवत बसू नये. कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी एमबीबीएस करणाऱ्याला दुसऱ्या वर्षात रुग्णाच्या लक्षणांवरून जंतूपर्यंत जायचं असतं, आणि त्यासाठी वैद्यकीय पार्श्वभूमीचाच माणूस लागतो. गेटच्या लाइफ सायन्सेस पेपरात मायक्रोबायोलॉजी निवडता येते, पण केमिस्ट्री सक्तीची असते. सीएसआयआर-नेटला तर मायक्रोचा वेगळा पेपरच नाही, अख्खं जीवविज्ञान आहे. पदवीला उत्तम शिकवणारा या परीक्षांना पुरेल असं गृहीत धरू नये.

पैशांचं आधीच स्पष्ट बोलावं: तासाला, महिन्याला की प्रकरणाला, आणि बुडालेल्या तासाचं काय. पहिला महिना अजमावण्याचा ठरवावा, सगळ्या वर्षाची फी आगाऊ भरू नये. एकाच वर्गातल्या तीन-चार जणींनी मिळून शिक्षक घेतला तर खर्च वाटला जातो आणि एकीची शंका दुसरीच्या उपयोगी पडते. या विषयात मला एकट्याच्या शिकवणीपेक्षा हेच जास्त पटतं. थिअरी ऑनलाइन चालते. सकाळी कल्याणहून ठाण्याला कॉलेज आणि संध्याकाळी गर्दीच्या लोकलने परत अशी ज्यांची रोजची ओढाताण आहे, त्यांनी आठवड्यात एक तास समोरासमोर आणि एक फोनवर असा मेळ घालावा. समोरासमोरचा तास स्लाइडची चित्रं, आलेख आणि गणितं यांसाठी राखून ठेवावा.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवं काही शिकवून घेऊ नये. रोज वीस-पंचवीस मिनिटं फक्त तोंडी घ्यायला सांगावं: मॅकॉन्की आगरवर ई. कोलायची कॉलनी गुलाबी का दिसते, त्यात पित्तक्षार कशासाठी घातलेले असतात, पेट्री प्लेट उलटी का ठेवतात. आणि जर्नलवरच्या सह्या बाकी असतील तर त्या दिवसाची शिकवणी रद्द करून आधी कॉलेज गाठावं. सर्टिफाय झालेलं जर्नल हातात नसेल, तर प्रॅक्टिकलला बसूच देत नाहीत.